गेले किती, आले किती?

संक्रांत उलटून आठवडा झाला होता. रविवारी पहाटे साडेपाचला मी यवतमाळातून निघालो, तेव्हा गाडीची काच दवाने पांढरी झाली होती. आमचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले आहे, त्यामुळे जानेवारीतली पहाट इथे चांगलीच बोचते. ‘यवत’ या जुन्या नावाला ‘माळ’ जोडून यवतमाळ झाले, असे सांगतात. शहराच्या वस्तीतून बाहेर पडले की हा माळ खरोखरच भेटतो.

जोडमोह्याच्या दिशेने निघाले की दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. या दिवसांत त्याची पाने करपून गळू लागलेली असतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो. पळस अजून फुललेला नसतो, मोहाला तर बराच अवकाश असतो. जंगल संपते तिथे काळी जमीन सुरू होते. शेवटची वेचणी उरलेली पऱ्हाटी, कापून ढीग लावलेली तूर आणि मध्येच ओलिताच्या हरभऱ्याचा हिरवा तुकडा दिसतो. शेताच्या मधोमध चार बल्ल्यांवर मचाण उभे असते व खाली शेकोटीची राख धुमसत असते. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी रात्रभर जागल केलेला शेतकरी अशा वेळी घोंगडी गुंडाळून घराकडे निघालेला असतो.

मी निघालो होतो ते त्या भागातील एका गावी होणाऱ्या क्रॉसकंट्री शर्यतीसाठी. गावाचे नाव सांगत नाही, कारण पुढे ज्यांची गोष्ट येणार आहे त्यांना ते रुचणार नाही. तिथल्या शाळेचे क्रीडाशिक्षक माझ्या एका जुन्या रुग्णाचे चिरंजीव. “डॉक्टरसाहेब, दोन तास येऊन बसा. तुम्ही असलात की पालकांना धीर असतो,” असे त्यांनी म्हटले आणि मी होकार दिला. केवळ बसण्यासाठी गेलेला मी, त्या दोन तासांत जे शिकलो ते माझ्या दवाखान्यात आजतागायत उपयोगी पडते आहे. म्हणून ही हकीकत सांगतो.

आखरावरची सुरुवात

क्रॉसकंट्री म्हणजे आखीव धावपट्टी सोडून रानामाळातून, चढउतारांवरून, ढेकळांतून व गवतातून धावण्याची शर्यत. इंग्लंडमधील शाळांत एकाने कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचे आणि इतरांनी त्या मागावरून त्याला गाठायचे, असा एक खेळ होता. त्यातून ही शर्यत आकाराला आली. १८६८ साली लंडनजवळ या धावण्याला वाहिलेला पहिला क्लब स्थापन झाला. १९१२, १९२० आणि १९२४ अशा तीन ऑलिंपिकमध्येही ही शर्यत होती. १९२४ साली पॅरिसमध्ये ती भर उन्हाळ्यातल्या कडक उन्हात घेतली गेली. ३८ जण धावायला उतरले आणि अवघे १५ जण शेवटच्या रेषेपर्यंत पोहोचले. वाटेत धावपटू कोसळू लागले, काही दिशा विसरून भलतीकडे धावले. त्यानंतर ऑलिंपिकमधून ही शर्यत वगळण्यात आली. आमच्या विदर्भात उन्हाळा काय असतो हे सांगायला नको. म्हणूनच इथली शर्यत जानेवारीत आणि तीही सूर्य वर येण्याआधी सुरू होते.

सुरुवात गावाबाहेरच्या आखरावर होती. आमच्याकडे सकाळी गावातील सारी गुरे ज्या मोकळ्या जागेवर गोळा होतात तिला आखर म्हणतात, आणि ती चारायला नेणाऱ्या माणसाला गायकी. त्या दिवशी गुरांना थोडा उशीर करून आखर शर्यतीसाठी मोकळे ठेवले होते. फक्कीने पांढरी रेघ मारली होती. शाळेची मुले, महाविद्यालयांचे संघ आणि खुल्या गटातील हौशी असे एकूण ११४ जण छातीवर क्रमांक लावून उभे होते. कुणाच्या पायात नवे बूट, कुणाच्या पायात काहीच नाही. खुल्या गटात साठी ओलांडलेले तिघे होते. बारामतीच्या लता करे यांनी उतारवयात नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी शर्यत जिंकली, ती गोष्ट गावोगाव पोहोचली आहे. त्या तिघांपैकी एकाने ती मला ऐकवली. मी हसून मान डोलावली. त्या वेळी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता, तो मात्र विचारला नाही.

पहिला कोण, हे ठरते कसे?

बाहेरून पाहणाऱ्याला शर्यतीचा निकाल सोपा वाटतो. जो आधी आला तो पहिला! पण मिनिटभरात वीस जण दमछाक होत, एकमेकांना खेटून आत येतात, तेव्हा कोण कितवा आणि त्याला किती वेळ लागला हे अचूक टिपणे हे मोठे कौशल्याचे काम असते. मोठ्या शहरांतील शर्यतींत बुटाला किंवा क्रमांकाच्या कागदाला चिप लावलेली असते आणि यंत्र आपोआप नोंद करते. गावच्या शर्यतीला तो खर्च झेपत नाही. तिथे काम चालते ते स्वयंसेवकांवर आणि अलीकडे मोबाईलमधल्या अ‍ॅपवर.

त्या दिवशीची मांडणी अशी होती. शेवटच्या रेषेपलीकडे बांबू रोवून आणि दोऱ्या बांधून एक निमुळती वाट केली होती. रेषा ओलांडलेल्याने त्या वाटेत शिरायचे, कुणी कुणाला मागे टाकायचे नाही, आणि आल्या क्रमानेच पुढे सरकायचे. रेषेवर राष्ट्रीय सेवा योजनेची एक विद्यार्थिनी हातात मोबाईल घेऊन उभी. प्रत्येक जण रेषा ओलांडताच ती पडद्यावर एक टिचकी मारी आणि अ‍ॅप त्या क्षणाची वेळ नोंदवी. कोण आला हे अ‍ॅपला ठाऊक नसते. कितव्या टिचकीला किती वेळ झाली होती, एवढेच त्याला ठाऊक असते. निमुळत्या वाटेच्या तोंडाशी टेबलखुर्ची टाकून गावचे निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. वय बहात्तर. ते आपल्या जाड वहीत येणाऱ्याच्या छातीवरचा क्रमांक ओळीने लिहीत. नंतर अ‍ॅपमधली पहिली वेळ वहीतल्या पहिल्या क्रमांकाला, दुसरी दुसऱ्याला, अशी जोडी लावली की निकाल तयार. शिवाय पहिल्या क्रमांकासाठी तीन शिक्षक स्टॉपवॉच घेऊन उभे होते. तिघांपैकी दोघांची वेळ जुळली तर ती धरायची, तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरायची, असा नियम आहे. मैदानाबाहेरच्या शर्यतीत सेकंदाचा अपूर्णांक पुढच्या पूर्ण सेकंदात धरतात. पहिल्या मुलाची वेळ २१ मिनिटे ३४.२ सेकंद आली, ती ३५ सेकंद लिहिली गेली.

वेळ आणि क्रमांक अशा दोन वेगळ्या माणसांनी टिपायच्या ही पद्धत जगभर चालते. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी १३ धावपटूंनी ‘पार्करन’ नावाचा साप्ताहिक उपक्रम सुरू केला. सुरुवातीला तिथे येणाऱ्याच्या हातात हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली, क्रमांक ठोकलेली लोखंडी चकती ठेवत. आज त्या चकतीच्या जागी बारकोड आला आणि स्वयंसेवकांच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप आले, पण रेषेवर उभी राहणारी माणसे मात्र तशीच राहिली. त्यांत निवृत्त मंडळीही बरीच असतात.

क्रॉसकंट्रीत सांघिक निकालाचे गणित फार सुंदर आहे. सहा जणांच्या संघातील पहिल्या चौघांचे क्रम मिळवायचे. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी. समजा, एका संघाचे चौघे १, ५, ९ आणि १४ वे आले, तर बेरीज २९. दुसऱ्या संघाचे ३, ६, ८ आणि १० वे आले, तर २७. म्हणजे पहिला आलेला मुलगा ज्या संघात आहे, तो संघ हरला! बेरीज समान झाली तर ज्या संघाचा चौथा धावपटू आधी आला, तो जिंकतो. या खेळात संघाचे भवितव्य पुष्कळदा चौथ्याच्या पायांवर ठरते. आमच्या घरांतही असेच नसते काय? कुटुंब किती सुदृढ आहे, हे त्यातील तरुण कमावत्याकडे पाहून कळत नाही, सर्वांत मागे चालणाऱ्याकडे पाहून कळते.

एक जादा टिचकी

चार किलोमीटरवर, तुरीच्या शेताला वळसा घालून वाट परत फिरत होती. त्या वळणावर मोबाईलला नेटवर्क नव्हते. तिथे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई, वय अडुसष्ट, एका बाभळीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. निघण्यापूर्वी त्यांनी आपले मनगटी घड्याळ रेषेवरच्या मोबाईलशी मिळवून घेतले होते. समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक आणि वेळ त्या कागदावर टिपत होत्या. “बाई, मागे फिरायच्या जागी कुणी लबाडी करू नये म्हणून तुम्हाला बसवले,” असे क्रीडाशिक्षकांनी त्यांना सांगितले होते.

सव्वासातला शर्यत सुटली. आठ वाजून दहा मिनिटांनी दोन शाळकरी मुली हातात हात घालून आत आल्या. त्यांच्यामागे वाट रिकामी दिसत होती. मोबाईलवाल्या विद्यार्थिनीने पडदा पाहिला आणि आनंदाने ओरडली, “एकशे चौदा! सगळे आले, सर.” टाळ्या वाजल्या. चहाची किटली फिरू लागली. मीही माझी बॅग बंद केली.

पोस्टमास्तर मात्र उठले नाहीत. त्यांनी वहीवर बोट फिरवत पुन्हा एकदा ओळी मोजल्या. “माझ्याकडे एकशे तेरा हायेत,” ते शांतपणे म्हणाले.

“काका, एखादा लिहायचा राहिला असेल. अ‍ॅपमध्ये बरोबर एकशे चौदा आहेत,” विद्यार्थिनी म्हणाली. तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. यंत्र चुकत नाही, अशी तिची साधी श्रद्धा होती.

“राहिला असंल. पन पोस्टात एक मनीऑर्डर कमी भरली तं मी घरी जात नव्हतो, पोरी. मंग आता कसा जाऊ?” असे म्हणून त्यांनी सुरुवातीची यादी मागवून घेतली. आलेल्या एकेका क्रमांकावर ते रेघ मारू लागले. पाच मिनिटांत ते काम झाले. यादीत एकच क्रमांक उघडा राहिला. सत्त्याऐंशी.

नंतर उलगडा झाला तो असा. मधल्या गर्दीत विद्यार्थिनीच्या हातून एकाच धावपटूसाठी दोन टिचक्या पडल्या होत्या. अ‍ॅपमध्ये एका ठिकाणी दोन नोंदींत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचे अंतर होते. पोस्टमास्तरांच्या वहीत त्या जागी एकच क्रमांक होता आणि त्याच्या वरखाली मोकळी ओळ होती. कुणी एकटा आला की ओळ सोडायची, ही त्यांची जुनी सवय. ती जादा टिचकी तशीच राहिली असती तर तिच्यानंतरच्या प्रत्येकाला त्याच्या पुढच्याची वेळ मिळाली असती. पण निकालाची ती चूक दुरुस्त होण्यासारखी होती. एक चूक आणि एक उणीव एकमेकींना झाकत होत्या, हे खरे भयंकर होते. एक टिचकी जास्त आणि एक माणूस कमी, म्हणून बेरीज बरोबर!

क्रमांक सत्त्याऐंशी

सत्त्याऐंशी म्हणजे मला लता करे यांची गोष्ट सांगणारे तेच गृहस्थ. एसटीचे निवृत्त वाहक, वय एकसष्ट. आता शोधायचे कुठे? सहा किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची तूर आणि पऱ्हाटी. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई वळणावरून मोटारसायकलवर बसून परत आल्या. त्यांच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते : ८७, सात वाजून सत्तेचाळीस मिनिटे. समोर शेरा होता, ‘थकलेले, पण चालत’. म्हणजे चौथ्या किलोमीटरपर्यंत ते होते, आणि पुढच्या दोन किलोमीटरांतच कुठेतरी राहिले होते. निम्म्याहून अधिक वाट शोधण्याचा त्रास त्या एका ओळीने वाचवला.

आम्ही दोन मोटारसायकलींवरून निघालो. वाटेत गायकी भेटला. आखर मोकळे होण्याची वाट न पाहता त्याने गुरे दुसऱ्या अंगाने काढली होती. त्याने काठीने दाखवले, “थ्या पऱ्हाटीच्या धुऱ्यावर एक बुढा बसला हाय जी. म्या आवाज देल्ला, तं भलतंच बोलते.”

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ते पाय पसरून बसले होते. बनियन घामाने चिंब. हवेत गारवा असताना एवढा घाम कशाचा? हात थरथरत होते. मला पाहून ते म्हणाले, “पुढं सरका, पुढं सरका, मांगं जागा नाही.” बरोबर आलेल्या मुलाला हसू आले. मला आले नाही. तीस वर्षे एसटीत काढलेला माणूस भान हरपताना जे बोलेल, तेच ते बोलत होते. बोटातून थेंब काढून साखर तपासली : ४८. सत्तरच्या खाली साखर गेली की ती कमी समजतात, पन्नासच्या खाली मेंदूची उपासमार सुरू झालेली असते.

त्यांना गिळता येत होते, हे महत्त्वाचे. बॅगेतली ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासली. ७६ झाली होती. डोळ्यांत ओळख परतली. पहिले वाक्य ते असे बोलले, “डॉक्टरसाहेब, माझा नंबर कितवा आला?”

मग सारे समजले. ते मधुमेहाची ग्लिमेपिराइड ही गोळी सकाळी नाश्त्याच्या आधी घेत. त्या दिवशीही पाच वाजता घेतली. शर्यत आहे म्हणून नाश्ता मात्र केला नाही. गोळीने साखर उतरवली, धावण्याने आणखी उतरवली, आणि पोटात काहीच नव्हते. या प्रकारच्या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे एकदा वर आलेली साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून बरे वाटल्यावरही त्यांना घरी न सोडता दिवसभर देखरेखीसाठी रुग्णालयात नेले.

यात माझीही चूक होती आणि ती मी कबूल करतो. नोंदणीच्या अर्जात ‘काही आजार आहे काय?’ असा एक प्रश्न होता. त्यांनी ‘शुगर, कंट्रोलमध्ये’ असे लिहिले होते आणि मी त्याखाली सही केली होती. ‘आज सकाळी कोणती गोळी घेतली? त्यानंतर काय खाल्ले?’ हे दोन प्रश्न मी विचारले असते, तर ते गृहस्थ त्या धुऱ्यावर बसलेच नसते.

ज्या घरी मधुमेही वडीलधारे आहेत, त्या घरच्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे. अचानक घाम, थरथर, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर आधी साखर तपासावी. यंत्र जवळ नसेल तर थांबू नये. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर तीनचार चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. सुधारणा नसेल तर तेवढीच पुन्हा देऊन रुग्णालय गाठावे. बरे वाटताच पोळी, भात असे काही खायला द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटचे बरे केव्हा पाहिले?

परतताना त्या सागाच्या रस्त्यावर माझ्या मनात बाईंची ती ओळ घोळत होती : ८७, सात सत्तेचाळीस. कारण अगदी याच ओळीसाठी मी दवाखान्यात कितीदा तरी अडलो आहे.

तोंड वाकडे झालेले, एक हात लुळा पडलेला वृद्ध माणूस घरचे घाईघाईने घेऊन येतात. पक्षाघात झालेला दिसत असतो. मी विचारतो, “यांना शेवटचे बरे केव्हा पाहिले?” घरचे एकमेकांकडे पाहतात. सून म्हणते, रात्री जेवले तेव्हा ठीक होते. नातू म्हणतो, सकाळी खोलीत दिवा लागलेला होता. मुलगा कामावर गेलेला असतो. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. हे साडेचार तास मोजायचे कुठून? घरच्यांच्या लक्षात आले तेव्हापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. ती वेळ कुणालाच सांगता येत नसेल, तर आडगावातून निघून वेळेत पोहोचलेला रुग्णही पुष्कळदा त्या उपचाराला मुकतो.

बाईंना जे काम सांगितले होते ते लबाडी पकडण्याचे. त्यांच्या हातून झाले ते माणूस शोधण्याचे. कोण केव्हा ठीक होता, याची साधी नोंद ठेवणारे कुणीतरी असावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी घरात पहारा बसवायला नको. सकाळचा चहा, दुपारचे जेवण, संध्याकाळचा फेरफटका आणि रात्रीची गोळी ही वडीलधाऱ्यांच्या दिवसाच्या वाटेवरची चार वळणे. प्रत्येक वळणावर घरातल्या एकाने दोन शब्द बोलावेत आणि वेळ मनात किंवा वहीत टिपावी. मुले पुण्यामुंबईला असतील तर शेजाऱ्याने सकाळी हाक मारावी, मुलांनी ठरल्या वेळी फोन करावा. आजकाल यासाठी अ‍ॅपही आहेत आणि ते वापरायला हरकत नाही. मात्र त्यात आलेल्या ‘गोळी घेतली’ या खुणेवर विसंबू नये. जादा टिचकी तिथेही पडते. आजोबांनी खूण दाबली, पण गोळी हातातच राहिली, असे मी पाहिले आहे. खूण एकीकडे पाहावी, डबीतल्या उरलेल्या गोळ्या दुसरीकडे मोजाव्यात. दोन्ही जुळले तरच हिशोब पूर्ण झाला.

ज्येष्ठ वाचकांनाही एक विनंती आहे. विचारपूस करणारा मुलगा किंवा सून आपल्यावर पाळत ठेवते आहे, असे मनात आणू नका. रानात गुरे नेणारा गायकी सकाळी ती मोजतो आणि सांजेला पुन्हा मोजतो. त्यात गुरांचा अपमान नसतो. एक जरी कमी भरले तरी तो अंधारात कंदील घेऊन मागे फिरतो.

तीन मीटरची शर्यत

त्या दिवशी बक्षिसे वाटून झाल्यावर मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, “डॉक्टर, सगळ्यांची वेळ आम्ही घेतली. आमची वेळ कोण घेणार?” मी म्हटले, आत्ताच घेऊ. तिथलीच एक खुर्ची घेतली आणि तिच्यापासून तीन मीटरवर फक्कीची रेघ ओढली.

ही चाचणी कुणालाही घरी करता येते. हात असलेल्या पक्क्या खुर्चीत पाठ टेकून बसायचे, नेहमीची चप्पल घालायची, काठी वापरत असाल तर ती हाती घ्यायची. ‘चला’ म्हणताच उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. धावायचे नाही. दुसऱ्याने मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ पाहायची आणि पडू नये म्हणून जवळ राहायचे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजून डॉक्टरांशी बोलावे. पायांतली ताकद, नजर, रक्तदाबाची औषधे, चपला आणि न्हाणीघरातली ओली फरशी या साऱ्यांचा विचार करावा लागतो. एका आकड्याने निदान होत नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा वेळ घेऊन वहीत लिहिली की चाल सुधारते आहे की मंदावते आहे हे कळते.

बाईंना दहा सेकंद लागले. त्या शाळकरी मुलीसारख्या खूश झाल्या. पोस्टमास्तरांना सोळा लागले. त्यांनी न विचारताच तो आकडा आपल्या वहीत, त्या एकशे तेरा क्रमांकांच्या खाली लिहिला आणि पुढे स्वतःचे नाव घातले. पुढच्याच आठवड्यात ते दवाखान्यात आले. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, आणि गुडघा दुखतो म्हणून त्यांनी सहा महिने फिरणे बंद केले होते. शस्त्रक्रिया झाली. रोज खुर्चीतून दहा वेळा उठबस आणि सकाळी आखरापर्यंतचे चालणे सुरू झाले.

पुढच्या जानेवारीत मी पुन्हा त्या रस्त्याने गेलो. नोंदणीच्या अर्जात ते दोन प्रश्न आता छापलेले होते. रेषेवर तीच विद्यार्थिनी मोबाईल घेऊन उभी होती. दर पंचवीस धावपटूंनंतर पोस्टमास्तर हात वर करून आकडा पुकारत आणि ती आपला आकडा सांगे. जुळला की काम पुढे. बाई बाभळीखाली होत्याच. गावाने त्यांच्यासाठी यंदा छत्री आणि पाण्याचा माठ ठेवला होता.

निमुळत्या वाटेत धापा टाकणारी मुले थबकून उभी राहत आणि मागून येणाऱ्यांची कोंडी होई. ती मोकळी करायला एक गृहस्थ शिट्टी घेऊन उभे होते. नाश्ता करून आले होते आणि खिशात साखरेची पुडी होती, ती त्यांनी मला उघडून दाखवली. मग वळून त्यांनी मुलांना हाक दिली, “पुढं सरका, पुढं सरका!”

त्या दिवशी १२१ गेले. अ‍ॅपने १२१ सांगितले, वहीनेही १२१ सांगितले. मग आखर मोकळे झाले आणि गायकीने गुरे हाकली.